गाडी नाही, सासूबाई सोबत आणि फेरीबोटीचा एक रविवार

प्रश्न: नमस्कार. मिस्टरांच्या बदलीमुळे आम्ही जूनमध्ये नाशिकहून पणजीत राहायला आलो. गाडी अजून घेतलेली नाही आणि मला स्कूटर येत नाही. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी मी, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (वय ६८, एक गुडघा दुखरा) असे तिघं फेरीबोटीने फिरायला जायचं म्हणतोय. चोडणचं पक्षी अभयारण्य, दिवाडी, जुने गोवे आणि जमलं तर तेरेखोलचा किल्ला असं मनात आहे. सासूबाईंना नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचं दर्शनही हवंय. मिस्टरांना त्या दिवशी ड्युटी आहे आणि ते म्हणतात गाडीशिवाय गोव्यात काही होत नाही. तिकीट कुठे बुक करायचं, गाडी नसलेल्यांना बोटीत घेतात का, आणि शेवटची बोट चुकली तर काय करायचं?

उत्तर:

ताई, मिस्टरांचं म्हणणं बाकी गोव्यापुरतं बऱ्यापैकी खरं आहे, पण फेरीच्या धक्क्यावर ते उलटं पडतं. तिथे गाडीवाला रांगेत ताटकळत बसतो आणि पायी माणूस रांगेच्या बाजूने सरळ चालत जाऊन बोटीत चढतो. रविवारी गाड्यांची रांग मोठी असली की कारवाल्यांना दोन-दोन बोटी सोडून द्याव्या लागतात, तुम्हाला नाही. आणि तिकिटाचं म्हणाल तर नदी परिवहन खात्याच्या साध्या फेरीबोटीत पायी माणसाला तिकीटच नाही, त्यामुळे बुकिंग बिकिंग काही नाही, धक्क्यावर जायचं, बोट लागली की चढायचं. फक्त रायबंदर-चोडण मार्गावर जुलै २०२५ पासून नवीन रो-रो बोटी (गाड्या थेट आत चढणाऱ्या मोठ्या बोटी) आल्यात, त्यावर गाड्यांना वेगळे दर आहेत, म्हणून खिशात थोडे सुट्टे असू द्या म्हणजे कुणी काही मागितलंच तर पाचशेची नोट काढायला नको.

आता तुमची यादी. एका रविवारी हे सगळं होणार नाही, हे मी आधीच सांगते. त्यात बोटीचा दोष नाही, बोट बिचारी पाच-दहा मिनिटांत पलीकडे नेऊन सोडते. दिवस खातो तो अलीकडचा बसचा प्रवास आणि पलीकडच्या धक्क्यापासून पुढचा रस्ता. लोक बोटीचं टाइमटेबल शोधत बसतात आणि पलीकडे उतरल्यावर भर उन्हात शेताच्या मधल्या रस्त्यावर उभं राहून आता पुढे कसं जायचं असं एकमेकांना विचारतात. तुमच्यासोबत दुखरा गुडघा आहे, म्हणून प्रत्येक ठिकाणासाठी एकच प्रश्न विचारायचा: बोटीतून उतरल्यावर सासूबाईंना किती चालावं लागेल? त्या एका प्रश्नावर तुमची यादी आपोआप छाटली जाते.

तेरेखोल पहिल्यांदा बाद. ते गोव्याच्या पार उत्तर टोकाला, पणजीहून म्हापसा, तिथून पुढे केरीपर्यंत बस, मग केरीच्या धक्क्यावरून बोट, आणि ती बोट पाणी फार ओसरलं की बंद ठेवतात. त्यावर पलीकडे किल्ल्यापर्यंत चढ. गाडी घेतलीत की मिस्टरांना घेऊन जा, मस्त होईल, पण तो वेगळा दिवस.

दिवाडी मला स्वतःला चोडणपेक्षा जास्त आवडते. पिएदादच्या टेकडीवरचं चर्च, वरून दिसणारी मांडवी, खाजन शेतं (खाडीकाठची बांध घातलेली भातशेतं), जुनी घरं, सगळं आहे. पण पायी माणसासाठी, त्यातही वयस्कर माणसासाठी, ती अवघड आहे. जुन्या गोव्याहून बोटीने पलीकडे उतरलात की समोर शेतांमधून जाणारा लांबलचक सरळ रस्ता लागतो, सावली जवळजवळ नाही, गाव बरंच पुढे आणि चर्च त्याहून वर टेकडीवर. काही मिळेल की तिकडे, रिक्षा वगैरे, असं धरून जाऊ नका. मिळालं तर नशीब. आणि दिवाडीला तीन बाजूंनी तीन बोटी लागतात, जुन्या गोव्याची वेगळी, रायबंदरजवळच्या सां पेद्रूची वेगळी, नार्व्याची वेगळी, त्यामुळे परत येताना कुणी फेरी तिकडे म्हणून बोट दाखवलं की त्यांना विचारायचं, कुठली फेरी? नाहीतर जुन्या गोव्याला जायचं आणि उतराल सां पेद्रूला. अगदी परदेशात नाही पोचणार, पण गुडघ्याला ते दोन किलोमीटरही परदेशच.

म्हणून माझं मत: या रविवारी सकाळी चोडण, दुपारी जुने गोवे, आणि संध्याकाळी जुन्या गोव्याच्याच धक्क्यावरून दिवाडीच्या बोटीत नुसतं जाऊन यायचं. एकाच बस रूटवर तिन्ही येतं हे त्यातलं खरं सुख आहे.

पण त्याआधी तारीख बदला. नोव्हेंबरचा शेवटचा रविवार म्हणजे जुन्या गोव्यात सायबाच्या फेस्ताच्या नोव्हेना, म्हणजे फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना, चालू असतात. सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त ३ डिसेंबरला, आणि २४ नोव्हेंबरपासून रोज पहाटेपासून मिस्सा (चर्चमधली प्रार्थना), लांबून पायी चालत येणारे भाविक, रस्त्याच्या दुतर्फा खाजे आणि चण्यांची दुकानं, गाड्या वळवलेल्या. बघायला ते फार सुंदर असतं, एकदा मुद्दाम त्यासाठीच जा, पण गुडघा आणि नऊ वर्षांचा मुलगा घेऊन शांतपणे चर्च बघायचं असेल तर तो दिवस नव्हे. रायबंदरची बससुद्धा त्या गर्दीत अडकते, म्हणजे चोडणही त्रासाचं होतं. एक किंवा दोन आठवडे आधीचा रविवार घ्या. पाऊस तोवर गेलेला असतो आणि थंडीतले पाहुणे पक्षी यायला लागलेले असतात.

सकाळी लवकर निघा, साडेसहा-सातला पणजीच्या कदंब स्टँडवर. रविवारी खाजगी बस कमी असतात, सकाळी तर फारच, त्यामुळे पहिली बस समोरून गेली तर चिडचिड करू नका, पुढची येते. जुने गोवे किंवा फोंड्याची बस दिसली की चढण्याआधी कंडक्टरला विचारायचं, रायबंदरवरून जाते ना? कारण काही बस कदंब पठाराच्या बायपासने जातात आणि त्या रायबंदरला जातच नाहीत. बरोबर बसमध्ये बसलात की पणजी संपल्यावर नदीला लागून जो लांब सखल रस्ता लागतो ना, तो साधासुधा नाही, तो १६३० च्या दशकात पोर्तुगीजांनी बांधलेला लिन्यारिशचा पूल आहे, जवळजवळ तीन किलोमीटर, चारशे वर्षं होत आली आणि त्यावरून अजून आपल्या बस धावतायत. (१९७० मध्ये मांडवीवर बांधलेला नेहरू पूल मात्र ५ जुलै १९८६ ला कोसळला आणि मग नवीन पूल होईपर्यंत पणजी-बेतीच्या फेरीबोटींनी अख्ख्या गावाचा भार ओढला. जुन्या पणजीकरांना विचारा, त्या रांगांच्या गोष्टी सांगतील.) मुलाला खिडकीत बसवा, एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला खारफुटी आणि मिठागरं. रायबंदर फेरी म्हटलं की कंडक्टर उतरवतो, धक्का रस्त्यालाच आहे.

आता बोटीत चढण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पडायची भीती असते ती इथेच, बोट चालू असताना नाही. धक्का म्हणजे पाण्यात उतरत जाणारा सिमेंटचा उतार. बोट येते, पुढची लोखंडी फळी त्या उतारावर टेकते आणि बोट पुरती थांबायच्या आधी स्कूटरवाले सुसाट बाहेर पडतात. त्या गर्दीत घुसायचं नाही. बाजूला उभं राहायचं, गाड्या उतरू द्यायच्या, मग चढायचं. ओहोटी असली की उताराचा खालचा भाग उघडा पडतो, त्यावर शेवाळ असतं, ते दिसायला कोरडं वाटतं आणि असतं बुळबुळीत. सासूबाईंना चप्पल नको, मागून पट्टा असलेली रबरी तळाची सँडल द्या, साडी असेल तर थोडी वर खोचून, आणि एका बाजूने तुम्ही हात धरा. काठी असेल तर ती फळीच्या फटीत टेकवायची नाही. आत गेल्यावर कडेच्या बाकावर बसवा. मुलाला स्कूटरच्या सायलेन्सरपासून लांब ठेवा, हाफ पॅन्टमधल्या पोरांना चटका बसतो तो तिथेच, आणि कठड्यावर चढू देऊ नका. लाइफ जॅकेट कुठे आहेत ते खलाशाला विचारून ठेवा, विचारायला कसली लाज. उतरतानाही तेच, फळी पूर्ण टेकल्याशिवाय पुढे जायचं नाही, गाड्यांना आधी जाऊ द्यायचं.

चोडणला उतरलात की डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य हाकेच्या अंतरावर. आपल्या कामाचं कारण हेच. बेटाच्या पश्चिम टोकाला, १९८८ साली जाहीर झालेलं, पावणेदोन चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे छोटंसंच, पण सगळं खारफुटीचं. वनखात्याचं तिकीट असतं, कॅमेऱ्याचं वेगळं. आत खारफुटीतून वाट आहे आणि टेहळणीचा मनोरा आहे. सासूबाईंनी सगळं चालायलाच हवं असं काही नाही, थोडं आत जाऊन सावलीत बसल्या तरी खंड्या, बगळे, डोक्यावर ब्राह्मणी घार, हे सगळं त्यांना बसल्या जागी दिसेल. नाशिकची माणसं तुम्ही, नांदूरमध्यमेश्वर पाहिलेलं असेल तर तिथल्यासारखे पाण्यावर हजारोंनी पक्षी इथे शोधू नका, इथे पक्षी झाडीत असतात, एकेक, आणि गप्प बसलं तर दिसतात. मुलाला पक्ष्यांपेक्षा चिखल जास्त आवडेल ही माझी पैज. खारफुटीची मुळं चिखलातून पेन्सिली उभ्या केल्यासारखी वर आलेली असतात, ती श्वास घेतात असं त्याला सांगा, आणि त्यांच्या मधे निवट्या नावाचे मासे चिखलावर चक्क उड्या मारत फिरतात, आणि एक नांगी अंगापेक्षा मोठी असलेले बारके खेकडे ती नांगी हलवत उभे असतात. डास चावतात, ओडोमॉस लावून जा, पूर्ण बाह्यांचे कपडे.

इथेच भरती-ओहोटी बघण्याचा मुद्दा येतो, जो पणजीत नवीन आलेली माणसं सोडून देतात, कारण मांडवी त्यांना नदी वाटते. ती इथे अर्धी समुद्रच आहे. दिवसातून दोनदा पाणी चढतं, दोनदा उतरतं, आणि वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे गेल्या रविवारी गेलेल्या शेजारणीचा अनुभव या रविवारी कामाचा नाही. फोनवर पणजीची टाइड बघा. सकाळी ओहोटी असेल तर चिखल उघडा पडतो, पक्षी खायला खाली उतरतात, निवट्या दिसतात, पण धक्क्याचा उतार निसरडा. सकाळी भरती असेल तर चढ-उतार सोपा आणि खारफुटीच्या खाडीतून होडीने फिरता येतं, होडीवाला मिळाला तर, पण चिखलातली मजा जाते. तुमच्यासाठी मी भरती निवडेन, गुडघ्यापुढे निवट्यांचा विचार करायचा नाही. मुलाला काय सांगायचं ते तुम्ही बघा.

दहा-साडेदहापर्यंत तिथून निघा, त्यानंतर ऊन कडक होतं आणि पक्षीही गायब होतात. खाण्याचा डबा आणि पाणी घरूनच न्या, अभयारण्यात काही मिळेल असं धरू नका. परत बोट, रायबंदरला उतरायचं आणि त्याच रूटची पुढची बस जुन्या गोव्याला. रविवारी सकाळी बासिलिकात मिस्सा असतात, पर्यटकांना आत उशिरा सोडतात, त्यामुळे तुम्ही अकरा-साडेअकराला पोचणं उलट बरंच आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे हवेत, मुलाला फुल पॅन्ट घाला, चटक्याचाही प्रश्न मिटतो. बासिलिका ऑफ बॉम जीझस आणि रस्त्यापलीकडचं से कॅथेड्रल, दोनच बघा. युनेस्कोच्या यादीत १९८६ पासून असलेली ही सगळी चर्चेस एका दमात बघायचा हट्ट माणसं करतात आणि तिसऱ्या चर्चपासून कुणालाच काही आठवत नाही. पुरातत्त्व खात्याचं म्युझियम आहे जवळच, ते शुक्रवारी बंद असतं, रविवारी चालू, मुलाला रस असेल तरच. स्वच्छतागृह या परिसरात आहे, सासूबाईंना इथेच जाऊन यायला सांगा, धक्क्यावर शोधाशोध नको.

जेवण इथेच उरका. पुरी-भाजी मिळते, पातळ भाजी आणि पाव मिळतो, मांसाहार चालत असेल तर फिश थाळी. एक ते चार गोवा झोपतो हे तुम्हाला एव्हाना कळलं असेलच, त्या वेळेत छोटी दुकानं बंद असली तर नवल नाही. त्या उन्हात से कॅथेड्रलच्या आवारातल्या झाडाखाली बसा.

चारनंतर चालत धक्क्याकडे. वाटेत व्हाइसरॉयची कमान लागते, १५९७ ची, वास्को द गामाच्या पणतूने उभारलेली. पूर्वी नवा व्हाइसरॉय बोटीतून उतरून याच कमानीखालून शहरात शिरायचा. तुम्ही उलट्या दिशेने, शहरातून बोटीकडे. दिवाडीच्या बोटीत बसा, पलीकडे जा, उतरून पाय मोकळे करा आणि त्याच किंवा पुढच्या बोटीने परत या. पैसे लागत नाहीत, पलीकडे सासूबाईंना चालावं लागत नाही, आणि दिवाडीचं पाणी, किनारा, शेतं दिसतात. टेकडीवरचं चर्च राहिलं तर राहिलं.

शेवटच्या बोटीची भीती बरोबर आहे, पण ती सगळीकडे सारखी नाही. चोडणला मयेच्या बाजूने रस्ता आहे, म्हणजे बोट चुकली तरी टॅक्सी बोलावून लांबून का होईना डिचोलीकडून बाहेर पडता येतं. दिवाडीला पूल नाही. तिथे बोट गेली की गेली. म्हणून कुठल्याही बेटावर उतरता उतरता खलाशाला विचारायचं, शेवटची किती वाजता, आणि रविवारी पण तीच का? नेटवरच्या वेळांवर विसंबू नका, धक्क्यावरची पाटी आणि खलाशाचं तोंड, बस्स. पण तुमची खरी शेवटची बोट ती नव्हेच. जुन्या गोव्याहून पणजीची बस अंधार पडल्यावर कमी होत जाते, रविवारी आणखी लवकर. नोव्हेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो, तेव्हा साडेपाचला तुम्ही अलीकडच्या काठावर पाहिजे आणि सहाला बस स्टॉपवर. बस नाहीच आली तर रिक्षा, अ‍ॅपवरची टॅक्सी. पायलट, म्हणजे इथले पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवाले, एका माणसाला ठीक आहेत, तिघांच्या आणि गुडघ्याच्या कामाचे नाहीत.

राहिला सप्तकोटेश्वर, आणि सासूबाईंची ही इच्छा मला तुमच्या यादीतली सगळ्यात चांगली गोष्ट वाटली, म्हणून ती या दिवसात कोंबू नका. कदंब राजघराण्याचं हे कुलदैवत मूळचं दिवाडीवरचं, पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडल्यावर देव नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्यात आणला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाच्या जीर्णोद्धाराचा हुकूम दिला. २०२३ मध्ये सरकारने त्याची पुन्हा डागडुजी केली. जायचं कसं, तर जुन्या गोव्यातून एक रिक्षा पूर्ण अर्ध्या दिवसासाठी ठरवायची, थांबण्यासकट आणि फेरीच्या पैशासकट भाडं आधी बोलून घ्यायचं, आणि रिक्षातच बसून बोटीत चढायचं. दिवाडी ओलांडून पलीकडच्या धक्क्यावर, तिथून दुसऱ्या बोटीने नार्वे, मग देऊळ. वाटेत पिएदादचं चर्चही रिक्षातून वरपर्यंत होतं, म्हणजे या रविवारी राहिलेली दिवाडीही त्यात वसूल. रिक्षावाल्याला मात्र डिचोलीतलं नार्वे, सप्तकोटेश्वराचं देऊळ असं पूर्ण सांगा, कारण दिवाडीवरही एक नार्वे आहे आणि तो तिथेच सोडून देईल.

आणि या सगळ्याआधी एखाद्या संध्याकाळी पणजी-बेतीची बोट करून बघा, घराजवळच आहे. पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला धक्का. तिथेच कॅसिनोवाल्यांची गर्दी असते, ते हाका मारतील, लक्ष देऊ नका. आणि रिक्षावाल्याला नुसतं बोट जेटी म्हणालात तर तो सांता मोनिकाला नेऊन सोडेल, तिथे गाणी लावलेल्या क्रूझ सुटतात, तिकीट काढून. बेती फेरी असं म्हणा. सासूबाई त्या फळीवरून कशा चढतात-उतरतात ते तिथे कळेल, आणि मग रविवारचं काय ते ठरवा. त्यांना ते जड गेलं तर चोडण सोडा, सरळ जुन्या गोव्याची बस पकडा आणि मुलाला चोडण दुसऱ्या सकाळी तुम्ही दोघंच करा.